भाव पडलेल्या भागातलं घर: थांबावं की विकावं?

वाचक भगिनीच्या पत्राचा सारांश: या भगिनी आणि त्यांचे पती यांनी ११ वर्षांपूर्वी एका औद्योगिक भागात घर घेतलं. त्या भागाची सगळी भिस्त एकाच मोठ्या उद्योगावर होती. चार वर्षांपूर्वी त्या उद्योगाने बरंचसं काम बंद केलं. दोघांनाही सुदैवाने दुसऱ्या शहरात नोकऱ्या मिळाल्या आणि ते तिकडे भाड्याच्या घरात राहू लागले. जुन्या घरात भाडेकरू ठेवला, पण भाड्यातून हप्ता पूर्ण सुटत नाही, दर महिन्याला पदरचे पैसे घालावे लागतात. आता भाडेकरूही पुढच्या महिन्यात घर सोडतोय. याच सुमारास एक गिऱ्हाईक आलं आहे, मात्र ते खरेदीच्या किमतीपेक्षा २८ टक्के कमी देऊ म्हणतं. त्यातून उरलेलं कर्ज फिटून थोडी रक्कम हातात राहील. पतीचं म्हणणं असं की बाजार हे चक्र असतं, जे पडतं ते चढतं, देशभर भाव वाढू लागलेत, व्याजदर उतरतील असं बोललं जातंय आणि भागातून नवा महामार्गही जाहीर झालाय, तर आता विकणं वेडेपणा ठरेल. भगिनींना विकून मोकळं व्हावंसं वाटतं, पण ‘इतक्या तोट्यात विकलं तर अकरा वर्षं वाया गेली असं होईल’ हा विचार सुटत नाही. त्या विचारतात: आमच्या भागातला बाजार सावरणार की नाही, हे ओळखायचं कशावरून?

*

प्रिय भगिनी,

तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. त्यात दोन प्रश्न एकमेकांत गुंतले आहेत, ते आधी सोडवून घेऊ. एक प्रश्न, तुमच्या भागातला घरांचा बाजार सावरेल का? दुसरा, तुम्ही घातलेले पैसे परत येतील का? पहिल्याचं उत्तर ‘हो’ असलं तरी दुसऱ्याचं ‘नाही’ असू शकतं. असं घडलेलं आहे, आणि चांगल्या भरभराटीच्या ठिकाणी घडलेलं आहे. तुमच्या घरातला वाद बराचसा या दोन प्रश्नांच्या सरमिसळीतून आला असावा, असं मला वाटतं. तुमचे पती पहिल्या प्रश्नाबद्दल बोलताहेत आणि तुम्हाला दुसरा छळतो आहे.

आधी ‘चक्र’ या शब्दाकडे पाहू. तो धीर देणारा शब्द आहे, म्हणून मला त्याची थोडी भीती वाटते. चक्र म्हटलं की खाली गेलेला आरा आपोआप वर येणार हे गृहीत धरलं जातं. घरांचे भाव मात्र पडले म्हणून चढत नाहीत. ते चढतात तेव्हा कुणीतरी त्या भागात राहायला आलेलं असतं, त्याच्या हातात पगार असतो आणि त्याच्यासमोर निवडायला फारशी घरं शिल्लक नसतात. यातलं एकही जमलं नाही, तर भाव तळाशी दशकानुदशकं पडून राहू शकतात. जपानमध्ये शहरी जमिनीचे भाव १९९१ च्या सुमारास शिखरावर होते. टोकियोसारख्या महानगरात पुढे मागणी परतली, पण लोकसंख्या घटत चाललेल्या कित्येक गावांत ती अजूनही परतलेली नाही. २०२३ च्या सरकारी पाहणीत त्या देशात सुमारे ९० लाख घरं रिकामी आढळली, म्हणजे एकूण घरांच्या जवळपास १४ टक्के. त्या घरांच्या मालकांपैकीही अनेकांनी कधीतरी ‘थोडं थांबू’ असंच म्हटलं असणार.

म्हणून पहिला प्रश्न हा विचारायचा की तुमच्याकडचे भाव पडले कशामुळे?

पडण्याची कारणं ढोबळमानाने तीन असतात. एक, पैसा महाग होतो किंवा आटतो: व्याजदर चढतात, बँका कर्ज देईनाशा होतात. लोक तिथेच असतात, नोकऱ्याही असतात, फक्त खरेदी थांबलेली असते. असा बाजार सहसा सर्वांत आधी उठतो. दोन, घरं गरजेपेक्षा जास्त बांधली गेलेली असतात. तिथे माणसं येत राहिली तर शिलकी घरं हळूहळू खपतात, पण वेळ लागतो. तीन, रोजगारच निघून जातो. हा आजार वेगळा, आणि व्याजदर हे त्याचं औषध नाही. हप्ता कितीही कमी झाला तरी जिथे काम नाही तिथे घर घ्यायला कोण येणार? तुमच्या पत्रावरून तुमचा भाग या तिसऱ्या प्रकारात मोडतो. म्हणून व्याजदर उतरतील या आशेवर तुमचा निर्णय टांगून ठेवू नका. त्याचा थोडा आधार मिळेल, इतकंच.

‘देशभर भाव वाढताहेत’ याबद्दलही तेच. देशाची सरासरी म्हणजे शेकडो वेगवेगळ्या बाजारांची गोळाबेरीज असते, आणि घर काही उचलून तेजीच्या गावी नेता येत नाही. स्कॉटलंडमधल्या ॲबर्डीन शहराचं उदाहरण तुमच्या अगदी जवळचं आहे. तेलउद्योगावर ते शहर श्रीमंत झालं. २०१४ मध्ये तेलाचे भाव कोसळले, कंपन्यांनी माणसं कमी केली आणि घरांच्या किमती घसरल्या. पुढच्या दहा वर्षांत ब्रिटनमधली घरं एकंदरीत चांगलीच महागली, तरी ॲबर्डीनमधल्या किमती दशकानंतरही २०१४ च्या पातळीखालीच होत्या. तिथल्या एखाद्या घरमालकाने रोज देशाच्या बातम्या वाचून वाट पाहिली असती, तर त्याचा धीर वाढला असता, किंमत नाही.

आता ज्या गोष्टीमुळे घरांचा बाजार इतर बाजारांपेक्षा वेगळा वागतो, ती सांगते. ती नीट कळली की पुढचं बरंच काही आपोआप उलगडतं. घर टिकतं. भाजीला गिऱ्हाईक नसलं तर ती संध्याकाळी सडते आणि दुसऱ्या दिवशी कमी माल येतो. घराचं तसं नाही. माणसं गेली तरी ते पन्नास-साठ वर्षं उभं राहतं आणि विक्रीच्या रांगेत असतं. एडवर्ड ग्लेझर आणि जोसेफ ग्युर्को या दोन अमेरिकी अर्थशास्त्रज्ञांनी २००५ मध्ये हेच मांडलं. शहर वाढतं तेव्हा नवी घरं बांधली जातात, त्यामुळे लोकसंख्या झपाट्याने वाढते आणि भाव त्या मानाने बेताने चढतात. शहर आटतं तेव्हा मात्र घरं नाहीशी होत नाहीत, म्हणून भाव धाडकन कोसळतात आणि लोकसंख्या सावकाश उतरते. घर स्वस्त आहे म्हणून काहीजण राहतात, काहीजण स्वस्ताईमुळे येतातही. पण भाव बांधकामखर्चाच्याही खाली गेलेले असतात. अशा ठिकाणी कुणी नवं घर बांधत नाही, कारण बांधायला जितकं लागतं त्याहून कमी पैशांत तयार घर मिळतं.

यातून तुम्हाला स्वतःला लावता येईल असा एक मापदंड मिळतो. तुमच्या भागात तुमच्याएवढं घर आज नव्याने बांधायचं तर जमिनीची किंमत सोडून फक्त बांधकामाला किती खर्च येईल, हे एखाद्या कंत्राटदाराला विचारा. बाजारात तयार घराची किंमत त्या आकड्याच्या बरीच वर असेल, तर याचा अर्थ लोक अजून त्या जागेसाठी पैसे मोजताहेत, म्हणजे त्या ठिकाणाला मोल आहे. किंमत त्या आकड्याच्या खाली गेली असेल, तर घरं माणसांपेक्षा जास्त झाली आहेत. मग माणसं पुरेशी वाढेपर्यंत किंवा काही घरं पाडली जाईपर्यंत भावाला वर जायला फारसं कारण नाही.

आणखी एक गोष्ट, जिला वर्तमानपत्रं अनेकदा फसतात. ‘अमुक भागातली बेरोजगारी घटली’ ही बातमी वाचून आपण खूश होतो. १९९२ मध्ये ओलिव्हिए ब्लाँशार आणि लॉरेन्स कॅट्झ या अर्थशास्त्रज्ञांनी अमेरिकेतल्या राज्यांचा अभ्यास करून दाखवलं की एखाद्या राज्यातला रोजगार कोसळला की काही वर्षांत तिथला बेरोजगारीचा दर पुन्हा नेहमीसारखा होतो, पण तो मुख्यतः नोकऱ्या परत आल्यामुळे होत नाही. बेकार माणसं निघून जातात म्हणून होतो. तुम्ही दोघांनी हेच केलंत, आणि ते योग्यच केलंत. मात्र घराच्या भावाच्या दृष्टीने बघा: तुम्ही गेल्यावर तिथले दोन बेकार कमी झाले, एक रिकामं घर वाढलं. म्हणून बेरोजगारीचा दर बघू नका, एकूण नोकऱ्यांची संख्या वाढतेय का ते बघा.

इथवर वाचून वाटेल की मी तुम्हाला ‘विका आणि सुटा’ असंच सांगणार. थांबा. तुमच्याही पत्रात एक गृहीतक आहे, की तो भाग आता संपला. हे तुमच्या पतीच्या ‘चक्रा’इतकंच न तपासलेलं आहे.

जर्मनीतल्या लाइपझिग शहराचं बघा. १९९० मध्ये देशाचं एकीकरण झाल्यावर पूर्वेकडचे कारखाने एकामागून एक बंद पडले आणि लोक पश्चिमेकडे गेले. त्यातच करसवलतींमुळे बांधकाम मात्र जोरात चाललं. २००० च्या आसपास त्या शहरात दर पाच घरांमागे जवळपास एक घर रिकामं होतं. २००२ मध्ये सरकारने पूर्व जर्मनीत शिलकी घरं पाडण्याचा आणि जुन्या वस्त्या सुधारण्याचा मोठा कार्यक्रम हाती घेतला. मोटारनिर्मितीचा मोठा कारखाना २००५ मध्ये सुरू झाला, २००८ मध्ये विमानाने माल पाठवण्याचं मोठं केंद्र तिथे आलं. विद्यापीठ आधीपासून होतं, भाडी स्वस्त होती, त्यामुळे तरुण येत राहिले. पाच लाखांच्या खाली गेलेली लोकसंख्या पुढे सहा लाखांपलीकडे पोचली, आणि आता तिथे तक्रार आहे ती भाडी परवडत नाहीत अशी.

याच्या शेजारी अमेरिकेतलं डेट्रॉइट ठेवा. १९५० मध्ये साडेअठरा लाख माणसं, २०२० मध्ये साधारण ६ लाख ४० हजार. मोटारउद्योग आक्रसत गेला, लोक उपनगरांत आणि इतर राज्यांत गेले, कर देणारे कमी झाले, म्हणून नगरसेवा ढासळल्या, म्हणून आणखी लोक गेले. २०१३ मध्ये शहर प्रशासनाने दिवाळखोरी जाहीर केली. त्यानंतर हजारो पडकी घरं पाडली गेली, शहराचा कारभार रुळावर आला, आणि २०२३ च्या लोकसंख्येच्या अंदाजात १९५७ नंतर पहिल्यांदाच किंचित वाढ दिसली. सावरलं म्हणायचं तर सावरतंय. पण १९६० मध्ये ‘थोडं थांबू’ म्हणणाऱ्या घरमालकाला या सावरण्याचा काय उपयोग?

दोन्ही शहरांतला फरक मला तीन गोष्टींत दिसतो. एकाच उद्योगाखेरीज दुसरं काही होतं का? शिकलेली माणसं येण्यासाठी आणि राहण्यासाठी कारण होतं का, म्हणजे विद्यापीठ, मोठी रुग्णालयं, काही कौशल्याची परंपरा? आणि रिकाम्या घरांचा ढीग कुणी मनावर घेऊन कमी केला का? पहिल्या दोन गोष्टींना मी सर्वाधिक महत्त्व देते. पिट्सबर्ग हे अमेरिकेतलंच पोलादाचं शहर. त्याची लोकसंख्या १९५० च्या निम्म्याहून खाली आली, तरी विद्यापीठं आणि रुग्णालयं यांच्या जोरावर ते उभं राहिलं. २००६ नंतर देशात घरांचे भाव कोसळत असताना तिथले भाव फारसे हललेच नाहीत, कारण तिथे आधी फुगवटाच आला नव्हता. ह्यूस्टन या तिथल्याच तेलाच्या शहराला १९८६ च्या तेलमंदीने असंच लोळवलं होतं. पण तिथे मोठं बंदर होतं, वैद्यकीय संस्था होत्या आणि लोक येत राहिले.

म्हणून तुमच्या भागाबद्दल मी जे विचारीन ते असं: तो मोठा उद्योग सोडून आज तिथे सर्वांत जास्त पगार कोण वाटतं? एक नाव घेऊन तुम्ही अडखळलात तर ती काळजीची गोष्ट आहे. चार-पाच वेगवेगळ्या प्रकारची नावं सुचली, तर तुमच्या पतीच्या म्हणण्यात मला वाटलं त्याहून जास्त तथ्य आहे.

महामार्गाबद्दल थोडंसं. जाहीर झालेला रस्ता आणि वाहता रस्ता यांत बरीच वर्षं जातात, आणि घोषणेचा भाव बऱ्याचदा घोषणेच्या दिवशीच किमतीत शिरलेला असतो. तुम्हाला आलेला प्रस्ताव घोषणेनंतरचा आहे, हे लक्षात घ्या. शिवाय रस्ता दोन्ही बाजूंनी वाहतो. जवळ नोकऱ्यांचं शहर असेल आणि रस्त्यामुळे रोज ये-जा शक्य होणार असेल, तर तुमचा भाग त्या शहराचं राहण्याचं ठिकाण बनू शकतो आणि तिथल्या घरांना खरंच नवं गिऱ्हाईक मिळतं. शहर दूर असेल तर त्याच रस्त्याने तुमच्या भागातली उरलेली दुकानं आणि कामं तिकडे जाऊ शकतात. तेव्हा महामार्गाची बातमी न पाहता त्याच्या दुसऱ्या टोकाला काय आहे ते पाहा, आणि भूसंपादन झालंय का, कंत्राट दिलंय का, काम सुरू आहे का हे तपासा.

आता तुमचा मूळ प्रश्न, ओळखायचं कशावरून. भावाकडे सर्वांत शेवटी बघा, कारण भाव सर्वांत शेवटी हलतो. आधी हलते ती व्यवहारांची संख्या. पडलेल्या बाजारात विकणारे भाव कमी करायला तयार नसतात आणि घेणारे वाढवायला, त्यामुळे आधी सौदेच थांबतात. ते पुन्हा होऊ लागले, म्हणजे महिन्यागणिक खरेदीखतांची नोंदणी वर्षभर सातत्याने वाढत राहिली, तर पाणी वाहू लागलं असं समजा. त्याच जोडीने हे बघा की आज विक्रीला असलेली सगळी घरं सध्याच्या वेगाने खपायला किती महिने लागतील. विक्रीला १८० घरं आहेत आणि महिन्याला सहा खपतात, तर अडीच वर्षांचा साठा आहे, आणि इतक्या साठ्यावर भाव चढणं कठीण. साधारण सहा महिन्यांच्या आसपास साठा आला की विकणारा आणि घेणारा बरोबरीला येतात, असं या व्यवसायातले लोक मानतात.

मग भाडं. मला स्वतःला भाड्याचा आकडा सर्वांत प्रामाणिक वाटतो. घर घेणारा माणूस भविष्याची स्वप्नं विकत घेत असतो, त्यामुळे किमतीत आशा, भीती, अफवा सगळं मिसळलेलं असतं. भाडेकरू फक्त आज राहण्यासाठी पैसे देतो. एखाद्या भागात भाडी चढू लागली, रिकाम्या घराला आठवड्याभरात भाडेकरू मिळू लागला, तर तिथे खरी माणसं खरे पगार घेऊन आली आहेत. भाडी जिथल्या तिथे आणि किमती मात्र वर, असं दिसलं तर सावध व्हा. ती बहुधा गुंतवणूकदारांची एकमेकांतली खरेदी असते.

तिसरं, येणारा कोण आहे? तिथल्या शाळांच्या पहिलीच्या वर्गातला पट वाढतोय की घटतोय, हे शाळेत विचारलं तर कळतं, आणि कुठल्याही अहवालापेक्षा ते मला जास्त सांगून जातं. लहान मुलं घेऊन येणारी कुटुंबं टिकण्यासाठी येतात. चौथं, अर्धवट इमारती. आयर्लंडमध्ये २००७ नंतर बाजार कोसळला तेव्हा २०१० च्या सरकारी पाहणीत २,८०० हून अधिक अपुऱ्या वसाहती आढळल्या होत्या. राजधानी डब्लिनमध्ये नोकऱ्या परतल्या आणि तिथले भाव आधी उठले. ज्या दूरच्या भागांत कुणाला नको असलेली घरं उभी होती, ते मागे राहिले. तुमच्या भागात असे अर्धवट सांगाडे किती आहेत, ते मोजा. काम पुन्हा सुरू झालं तर त्यातली घरं आधी तुमच्याशी स्पर्धा करायला उतरतील, हेही विसरू नका.

आणि बँका. तुमच्या भागातल्या घरावर बँका सहज कर्ज देताहेत का, की मूल्यांकन कमी दाखवून मागे सरताहेत? तुमच्या गिऱ्हाइकाचं कर्ज मंजूर आहे का, हे तर आधी विचाराच.

ही चौकशी दोन-तीन आठवड्यांत होण्यासारखी आहे. पतीबरोबर करा. वाद घालून जे सुटत नाही ते एकत्र माहिती गोळा करताना पुष्कळदा सुटतं.

आता दुसरा प्रश्न, तुमचे पैसे. इथे आकडेमोड कठोर आहे. १०० ला घेतलेल्या घराला आज ७२ मिळताहेत. २८ टक्के पडलेलं परत मिळवायला २८ टक्के वाढ पुरत नाही, जवळपास ३९ टक्के लागते, कारण आता वाढ ७२ वर मोजायची आहे. भाव वर्षाला चार टक्क्यांनी चढले, तर मूळ आकड्यावर यायला आठ वर्षांहून जास्त लागतील, आणि ही आठ वर्षं चढण सुरू होईल त्या दिवसापासून मोजायची. मधल्या काळात महागाईने त्या १०० ची किंमत किती उरेल ते वेगळंच. हे अतिशयोक्तीचं वाटत असेल तर लास व्हेगस बघा. तिथे २००६ ते २०१२ दरम्यान भाव साठ टक्क्यांहून जास्त पडले. शहर मेलं नव्हतं, लोकसंख्या तर वाढतच होती. तरी भावाला जुन्या शिखरावर परतायला साधारण पंधरा वर्षं लागली. आयर्लंडलाही २००७ चं शिखर पुन्हा गाठायला २०२२ उजाडलं. हे दोन्ही सावरलेले बाजार आहेत, बरं का. मी सुरुवातीला म्हटलं की पहिल्याचं उत्तर हो आणि दुसऱ्याचं नाही असू शकतं, ते असं.

‘विकलं नाही तोवर तोटा नाही’ असं तुमच्या घरात कुणी म्हणत असेल, तर हे समजून घ्या की तोटा झालेला आहे. तो ज्या दिवशी कारखान्याने काम बंद केलं त्या दिवशी झाला. विकल्याने तो फक्त कागदावर येतो. तोटा कागदावर येऊ नये म्हणून माणसं काय करतात, याचा डेव्हिड जेनसोव्ह आणि ख्रिस्तोफर मेयर या अर्थशास्त्रज्ञांनी अमेरिकेतल्या बॉस्टनमधल्या १९९० च्या दशकातल्या घरविक्रीवर अभ्यास केला. तो २००१ मध्ये प्रसिद्ध झाला. ज्यांना खरेदीपेक्षा कमी किंमत मिळणार होती, ते तशाच घरांच्या इतर मालकांपेक्षा जास्त किंमत मागत होते आणि त्यांची घरं जास्त काळ पडून राहत होती. घेणाऱ्याला तुम्ही किती दिले होते याच्याशी देणंघेणं नसतं. तुमच्या मनात मात्र तो आकडा कोरलेला असतो. यात लाजण्यासारखं काही नाही, सगळ्यांचं असंच होतं. फक्त तो आकडा निर्णयाच्या टेबलावरून उचलून बाजूला ठेवावा लागतो.

त्याच्या जागी दुसरा आकडा ठेवा. घर आणखी एक वर्ष ठेवायला किती खर्च येईल? हप्त्यातला व्याजाचा भाग, घरपट्टी, देखभाल, विमा, रिकाम्या महिन्यांचं बुडालेलं भाडं, आणि हातात आली असती त्या रकमेवर मिळालं असतं ते व्याज. यातून मिळणारं भाडं वजा करा. समजा उत्तर घराच्या आजच्या किमतीच्या पाच टक्के आलं, तर दरवर्षी किमान पाच टक्के भाव चढला तरच तुम्ही होतात तिथे राहाल. मग पतीला विचारा, ‘आपल्या भागात पुढची काही वर्षं एवढी वाढ होईल असं तुम्हाला कशावरून वाटतं?’ तुम्ही केलेल्या चौकशीत त्याचं उत्तर असेल किंवा नसेल. भाडं चांगलं येत असेल आणि हा आकडा एक-दीड टक्क्यावर आला, तर थांबण्यात काहीच वावगं नाही. थांबणं परवडतं की नाही यावरच ते शहाणपणाचं की नाही हे ठरतं.

तुमच्या माहितीवरून मला काय वाटतं ते स्पष्ट सांगते. तुम्ही दोघं परत त्या भागात राहायला जाणार नाही आहात, नोकऱ्या दुसरीकडे आहेत, दरमहा पदरचे पैसे जाताहेत आणि कर्ज फिटून काही उरेल असं गिऱ्हाईक दारात आहे. रोजगार गेलेल्या भागात असं गिऱ्हाईक सारखं येत नाही. भाव आणखी दहा-पंधरा टक्के उतरला, तर ‘कर्ज फिटून उरेल’ ही स्थिती राहीलच असं नाही, आणि कर्ज घराच्या किमतीपेक्षा जास्त झालं की विकण्याचं स्वातंत्र्यच जातं. म्हणून चौकशीत काही ठळक चांगलं सापडलं नाही, तर माझा कल विकण्याकडे आहे. थोडी घासाघीस जरूर करा. मात्र तीन-चार टक्क्यांसाठी सौदा मोडू देऊ नका. करांचा आणि कर्ज मुदतीआधी फेडण्याच्या शुल्काचा हिशोब आधी जाणकाराकडून करून घ्या. तोट्यातल्या विक्रीला करात काही सवलत मिळते का, हेही विचारा.

चौकशीत चांगलं सापडलं आणि थांबायचं ठरलं, तर मुदत घालून थांबा. कागदावर लिहा: अमुक तारखेपर्यंत नोंदणीचे व्यवहार इतके झाले नाहीत, भाडं इतकं झालं नाही, रस्त्याचं काम सुरू झालं नाही, तर मिळेल त्या भावात विकायचं. दोघांनी सह्या करा. तारीख उलटल्यावर मुदत वाढवायचा मोह होईल, म्हणून तो कागद आधीच लिहायचा. भाडं जरा कमी घेतलं तरी चालेल, पण घर रिकामं ठेवू नका. बंद घर लवकर खराब होतं आणि पुढच्या गिऱ्हाइकाला ते दिसतं.

हीच अडचण असलेल्या, पण त्याच भागात राहणाऱ्या आणि तिथेच नोकरी टिकून असलेल्या वाचकांना मी वेगळं सांगेन. घर राहण्यासाठी आहे आणि हप्ता पेलतोय, तर भाव पडल्याने तुमचं रोजचं आयुष्य बदलत नाही. भीतीने विकू नका. फक्त तुमची नोकरी आणि तुमचं घर दोन्ही एकाच उद्योगावर अवलंबून आहेत, हे लक्षात ठेवून बाकीची बचत तरी दुसरीकडे ठेवा.

आणि भगिनी, अकरा वर्षं वाया गेली असं तुम्ही लिहिलंत, त्यावर एक विचारते. त्यातली सात वर्षं तुम्ही त्या घरात राहिलात ना? तेवढी वर्षं भाडं वाचलं. हिशोब मांडाल तेव्हा तो आकडाही जमेच्या बाजूला लिहा. तो तुम्ही कुठेच धरलेला दिसला नाही.

जाता जाता, तुमच्या पत्रातलं एक वाक्य मला सारखं खुणावतंय: ‘भाडेकरूही पुढच्या महिन्यात सोडतोय.’ का सोडतोय, ते तुम्ही लिहिलेलं नाही. त्याची नोकरी गेली का? दुसऱ्या शहरात मिळाली? की त्याच भागात थोडं मोठं घर घेतलं, किंवा जवळच कमी भाड्यात मिळालं? चारही उत्तरांचे अर्थ अगदी वेगळे आहेत. बाकीची चौकशी सुरू करण्याआधी, आज संध्याकाळी त्याला एक फोन करा.

तुमची,
सल्लागार ताई